वाढणाऱ्या हाताचे देणे

इंदूरमध्ये खाण्याविषयी बोलायला कोणाला निमित्त लागत नाही. पोह्यांवर जीरावन मसाला किती भुरभुरावा, गराडू हा कंद कुठल्या ठेल्यावर नीट तळला जातो, भुट्ट्याच्या किसाला पूर्वीची चव राहिली आहे की नाही, अशा प्रश्नांवर इथली मराठी घरे पुरणपोळी गुळाची की साखरेची या वादाइतक्याच हिरिरीने बोलतात. पदार्थाची तारीफ होते, कारागिराचे नाव निघते, मालकाच्या आजोबांपासूनचा इतिहास सांगितला जातो. ताट आपल्यापुढे आणून ठेवणाऱ्या माणसाचा विषय मात्र जेवण संपून बिल आल्यावरच निघतो, तोही दबक्या आवाजात, आणि तो एवढाच असतो की, याला किती ठेवायचे.

याचे एक कारण या शहराच्या खाण्याच्या रीतीतच आहे. सराफ्यात रात्री सोन्या-चांदीच्या दुकानांची शटरे खाली येतात आणि त्यांच्याच ओट्यांपुढे खाण्याचे ठेले लागतात. जो तळतो तोच द्रोण हातात देतो, तोच पैसे घेतो आणि नफाही त्याचाच असतो. छप्पन दुकान या खाऊगल्लीतही बहुतेक व्यवहार उभ्या-उभ्याच होतो. खाणारा आणि खिलवणारा यांच्यामध्ये तिसरा माणूस नसतो, त्यामुळे टिपेचा प्रश्नच उद्भवत नाही. तो उद्भवतो विजयनगर, पलासिया किंवा बायपासकडच्या त्या बैठ्या, वातानुकूलित जागांमध्ये, जिथे स्वयंपाक करणारा भिंतीआड असतो, मालक अनेकदा जागेवर नसतो आणि आपल्यासमोर उभा असतो तो पगारावर काम करणारा, दिवसभर पायांवर असलेला, नाव ठाऊक नसलेला एक तरुण. अलीकडच्या वर्षांत आपल्या शहरात अशा जागा भराभर वाढल्या. त्यांत वागायचे कसे, याची रीत मात्र आपण अजून बसवलेली नाही.

आपल्याकडे वाढणे हे नात्याचे काम होते. मुंजीच्या, लग्नाच्या पंगतीत घरची मुले, पुतणे, भाचे पदर-उपरणे खोचून वाढायला उभे राहत. जिलबीचा आग्रह कोणी कोणाला करायचा याचेही संकेत ठरलेले असत, आणि यजमान शेवटी पंगतीतून फिरून ‘सावकाश होऊ द्या’ म्हणत. वाढणाऱ्याला पैसे देणे ही कल्पनाच तिथे विचित्र वाटली असती, कारण आज तो वाढत असला तरी उद्या त्याच्याच घरी आपल्याला जेवायचे असे. होळकरांच्या चाकरीसाठी आलेल्या आणि पुढे इथल्याच होऊन गेलेल्या मराठी कुटुंबांनी ही रीत माळव्यात जशीच्या तशी जपली.

या चित्राची दुसरी बाजूही सांगितलीच पाहिजे. ज्यांना जातीमुळे स्वयंपाकघरात किंवा पंगतीत पाऊल टाकता येत नसे, त्यांनाही त्याच घरांतून काही ना काही दिले जाई: उरलेले अन्न, विटलेले लुगडे, वरून फेकलेले नाणे. देणारा उंबरठ्याच्या आत आणि घेणारा बाहेर, अशीच ती देण्याची पद्धत होती. म्हणजे आपल्या हातांना दोन सवयी लागल्या. वाढणारा आपला असेल तर पैशाचा विषय काढायचा नाही, आणि काम करणारा आपला नसेल तर जे उरेल ते द्यायचे. आज बिलाच्या काळ्या पाकिटात पाचशेची नोट घालून, परत आलेल्या सुट्ट्यांपैकी नाणी तेवढी मागे ठेवून आपण उठतो, तेव्हा या दोन्ही सवयी एकदम काम करत असतात, असे मला मनापासून वाटते. अवघडलेपण पहिल्या सवयीतून येते आणि नाणी दुसरीतून.

तिसरी एक रीतही आपल्याकडे होती आणि ती मला सर्वांत चांगली वाटते. ती म्हणजे दिवाळीची पोस्त. भांडी घासणाऱ्या बाई, पेपर टाकणारा मुलगा, पोस्टमन, सोसायटीचा चौकीदार, या सर्वांना दिवाळीत पोस्त द्यायची हे घरात ठरलेले असे, आणि आजही अनेक घरांत ते ठरलेले आहे. पोस्त देताना आपण वर्षभराचा हिशेब मांडत नाही. अमुक दिवशी पेपर उशिरा आला होता म्हणून पन्नास रुपये कापून घेण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. रक्कम आधी ठरलेली असते, ती वेगळी काढून ठेवलेली असते, समोरच्याच्या हातात दिली जाते, बहुतेक घरांत सोबत फराळाची पुडीही असते, आणि घेणाराही ती हक्काने आणि हसऱ्या चेहऱ्याने घेतो. तिने पगार वाढत नाही आणि कमीही होत नाही. उपाहारगृहातली टीप आपण या रीतीने देऊ लागलो, तर निम्मा अवघडलेपणा जाईल, असे माझे मत आहे. ते कसे बनत गेले, ते इथे जरा सविस्तर मांडते.

आमची भिशी आहे. लोकमान्य नगर आणि आसपासच्या आम्ही काही जणी महिन्यातून एकदा भेटतो आणि अलीकडे घरी जमण्याऐवजी बाहेर जेवायला जातो. बिल आले की ते माणशी भागले जाते, अगदी रुपयापर्यंत, आणि त्यात गैर काही नाही. मग टिपेचा विषय निघतो. मागे अशाच एका दुपारी झालेले संभाषण मला नीट आठवते, कारण त्यात या विषयावरची आपली जवळजवळ सगळी मते एका टेबलावर आली. एक जण म्हणाली, “अगं, पगार मिळतो ना त्यांना? मग आपण का द्यायचं?” दुसरी म्हणाली, “द्यायला हरकत नाही, पण सवय लागते. मग पुढच्या वेळी कमी दिलं तर तोंड पाडतात.” तिसरी म्हणाली, “आज पाणी तीनदा मागावं लागलं. आज तर काहीच नको ठेवायला.” चौथीने मुलाबरोबर अमेरिकेत पाहिलेल्या वीस टक्क्यांची गोष्ट सांगितली, आणि तिथून विषय मुलांवर गेला. पाकिटात बडीशेप आणि खडीसाखरेच्या वाटीखाली दहाच्या दोन नोटा राहिल्या. आम्ही दहा-बारा जणी त्या टेबलावर दोन तासांहून अधिक बसलो होतो, दोनदा टेबल पुसून घेतले होते, एकीसाठी भाजी बिनतिखट करून आणवली होती आणि एकीच्या नातवासाठी उंच खुर्ची मागवली होती.

पाण्याबद्दलच्या त्या वाक्याचे उत्तर मला पुढे आमच्याच गल्लीतल्या एका मुलाकडून मिळाले. तो भोपाळला हॉटेल मॅनेजमेंट शिकला आणि आता शहरातल्या एका मोठ्या रेस्टॉरंटमध्ये स्टुअर्ड, म्हणजे वाढपी आहे. त्याची पाळी ज्या पद्धतीची असते तिला त्यांच्यात ब्रेक शिफ्ट म्हणतात. सकाळी अकराच्या सुमारास जायचे, दुपारचे जेवणाचे गिऱ्हाईक संपले की मध्ये दोन-तीन तास सुट्टी, आणि पुन्हा संध्याकाळपासून शेवटचे टेबल उठेपर्यंत. मधल्या वेळेत घरी जाऊन येणे परवडत नाही, म्हणून बहुतेक मुले तिथेच कुठेतरी आडवी होतात. कागदोपत्री तास मोजून भरतात. प्रत्यक्षात अख्खा दिवस जातो. मी त्याला टिपेबद्दल विचारले तेव्हा तो जरा संकोचला, मग म्हणाला, “काकू, पाणी उशिरा आलं म्हणून लोक टीप ठेवत नाहीत. पण पाणी उशिरा का येतं? रविवारी रात्री जितकी टेबलं चार जणांनी सांभाळायची, तितकी आम्ही दोघं सांभाळतो. माणसं कमी ठेवली ती मालकानं, आणि दंड भरतो आम्ही.”

हे ऐकल्यापासून मी ‘सेवा चांगली नव्हती’ हे वाक्य सहजासहजी उच्चारू शकत नाही. ताट उशिरा येण्यामागे तंदूरवाल्याची रजा असते, भाजी खारट असण्यामागे भिंतीआडचा हात असतो, बिलातल्या चुकीमागे गल्ल्यावरचा माणूस असतो. आपण नाराजी व्यक्त करतो ती मात्र एकट्या त्याच्यावर, जो आपल्याला दिसतो. तक्रार जरूर करावी, व्यवस्थापकाला बोलवून स्पष्ट शब्दांत करावी. तसे केल्याने काही सुधारण्याची शक्यता तरी असते. टीप न ठेवल्याने कोणाला काही कळत नाही. तो मुलगा एवढेच समजतो की, हे कुटुंब टीप देत नाही.

त्याने आणखी एक गोष्ट सांगितली जी फारशा लोकांना ठाऊक नसते. त्यांच्या इथे टीप ज्याची त्याच्याकडे राहत नाही. गल्ल्याजवळ एक डबा असतो, सगळ्यांच्या टिपा त्यात जातात आणि ठरावीक दिवशी त्यांची वाटणी होते. कॅप्टनला, म्हणजे वाढप्यांच्या प्रमुखाला, जास्त वाटे, स्टुअर्डला त्याहून कमी, हेल्परला त्याहून कमी, आणि भांडी घासणाऱ्यालाही एक वाटा. सगळीकडे हीच पद्धत असते असे नाही. काही ठिकाणी ज्याचे टेबल त्याची टीप, काही ठिकाणी स्वयंपाकघराला काहीच मिळत नाही, आणि यावरून आत भांडणेही होतात. पण डब्याची पद्धत मला न्यायाची वाटली. गरम पाण्यात आणि साबणात दिवसभर हात बुडवून ठेवणारा, ज्याचा चेहरा एकाही गिऱ्हाइकाला दिसत नाही, त्यालाही त्या दहाच्या नोटेतला अंश पोहोचतो. ‘अमक्याने हसून वाढले म्हणून त्याला दिले’ हा आपला समज मात्र या डब्यापुढे टिकत नाही.

तो समज अभ्यासातही टिकलेला नाही. कॉर्नेल विद्यापीठातील मायकेल लिन यांनी कित्येक वर्षे टिपेवर संशोधन केले आहे, आणि त्यातून सातत्याने दिसले ते हे की, सेवेचा दर्जा आणि टिपेची रक्कम यांचा संबंध फार क्षीण आहे. लोक किती देतात हे मुख्यतः बिल किती झाले आणि त्यांना स्वतःला कशाची सवय आहे यावर ठरते. माझ्या स्वतःच्या टेबलाकडे पाहिले तरी हेच दिसते. सोबत पाहुणे असले की हात सैल होतो, महिनाअखेर असली की आखडतो, आणि त्या दोन्ही गोष्टींशी वाढणाऱ्याचा काडीचाही संबंध नसतो.

अमेरिकेचे उदाहरण आपल्याकडे हटकून निघते, कारण आता जवळजवळ प्रत्येक घरातले कोणी ना कोणी तिथे आहे. तिथल्या वीस टक्क्यांचा राग येतो, तो समजण्यासारखा आहे. पण त्यामागची व्यवस्था समजून घेतली तर तो राग वेटरवर काढता येत नाही. यादवी युद्धानंतर तिथे जी टिपेची चाल फोफावली तिचे एक ठळक उदाहरण म्हणजे पुलमन कंपनीच्या रेल्वेडब्यांतले कृष्णवर्णीय पोर्टर. गुलामगिरीतून नुकत्याच सुटलेल्या माणसांना कंपनीने तुटपुंज्या पगारावर घेतले आणि बाकीचे पोट प्रवाशांच्या बक्षिसीवर सोडून दिले. त्या पोर्टरांनी १९२५ मध्ये ए. फिलिप रॅन्डॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली संघटना उभारली आणि १९३७ मध्ये कंपनीला करार करायला लावला. मधल्या काळात टीप ही लोकशाहीला न शोभणारी गोष्ट आहे असे मानणारेही तिथे पुष्कळ होते. वॉशिंग्टन राज्याने तर १९०९ मध्ये टिपेवर कायद्याने बंदी घातली, मागोमाग आणखी काही राज्यांनी घातली, आणि १९२६ पर्यंत ते सगळे कायदे बारगळले.

१९६६ मध्ये किमान वेतनाचा कायदा हॉटेल-रेस्टॉरंटच्या कामगारांना लागू झाला खरा, पण मालकांना त्यांच्या टिपा वेतनात धरण्याची मुभा मिळाली. आज तिथे केंद्रीय किमान वेतन ताशी ७.२५ डॉलर आहे. टीप मिळणाऱ्याला मालकाने स्वतःच्या खिशातून ताशी २.१३ डॉलर दिले तरी चालते, आणि हा आकडा १९९१ पासून हललेला नाही. टिपा कमी पडल्या तर फरक मालकाने भरायचा असतो. कॅलिफोर्नियासारखी काही राज्ये ही सवलत देत नाहीत, पण अनेक राज्ये देतात. म्हणजे तिथल्या टेबलावर ठेवलेल्या टिपेतले पहिले काही डॉलर वस्तुतः मालकाला जातात. किमान वेतन गाठेपर्यंत जितकी टीप जास्त तितका त्याच्यावरचा पगाराचा भार हलका. असे असताना तिथे टीप न देणे म्हणजे त्या मुलाचा पगार कापणेच होय.

भारतात असा कायदा नाही, आणि या एका गोष्टीचे मोल आपण ओळखले पाहिजे. १९४८ चा किमान वेतन कायदा असो वा त्याची जागा घेणारी २०१९ ची वेतन संहिता, वेटरला टिपा मिळतात म्हणून त्याला कमी किमान वेतन द्यावे अशी तरतूद त्यांत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये आयकराच्या एका प्रकरणात हाच भेद मांडला. कार्डाने दिलेली टीप हॉटेल गोळा करते आणि नोकरांत वाटते, तेव्हा ते पैसे पगार ठरत नाहीत, कारण ते मालकाकडून येत नाहीत, ग्राहकाकडून येतात. हॉटेल ते केवळ विश्वस्ताच्या नात्याने सांभाळते, असा त्या निकालाचा आशय आहे. पगार मालकाने द्यायचा आणि टीप आपण द्यायची, या दोन गोष्टींची सरमिसळ होता कामा नये.

व्यवहारात ती होते, हे मात्र खोटे नाही. नोकरीवर ठेवतानाच ‘ऊपर से टिप मिल जाती है’ असे सांगून पगाराचा आकडा खाली आणला जातो, असे त्या मुलाने मला सांगितले, आणि ते ऐकून भिशीतल्या पहिल्या मैत्रिणीच्या प्रश्नाला एक धार आली. आपण टीप देतो म्हणून मालक पगार कमी ठेवतो का? मला हा आक्षेप खरोखर गंभीर वाटतो. त्यावर मी बराच विचार केला, आणि माझे उत्तर असे आहे की, आपण टीप थांबवल्याने पगार वाढणार नाही. पगार वाढतो तो कायद्याच्या अंमलबजावणीने आणि कामगारांच्या एकजुटीने. या शहराला हे कोणी शिकवण्याची गरज नाही. इथली हुकुमचंद कापड मिल १९९१ मध्ये बंद पडली आणि तिथल्या हजारो कामगारांची हक्काची देणी मार्गी लागायला २०२३ चा डिसेंबर उजाडला. त्या तीन दशकांत कित्येकांचे डोळे मिटले. त्या मिलच्या भोंग्यावर ज्यांच्या घरची घड्याळे लावली जात होती त्या वस्त्या अजून इथेच आहेत. कष्टाचा मोबदला बुडणे म्हणजे काय, हे ज्या शहराने इतक्या जवळून पाहिले, त्या शहरात ‘टीप मिळते ना, मग पगार कशाला’ हा युक्तिवाद कोणी निमूटपणे ऐकून घेऊ नये.

सेवाशुल्काच्या वादातही हीच सरमिसळ आहे. बिलाच्या तळाशी पाच किंवा दहा टक्के परस्पर जोडण्याची पद्धत मोठ्या शहरांतून आपल्याकडे आली. ते शुल्क ऐच्छिक आहे असे केंद्र सरकारने २०१७ मध्येच सांगितले होते. ४ जुलै २०२२ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ते आपोआप जोडण्यास मनाई केली. रेस्टॉरंटांच्या संघटना न्यायालयात गेल्या, आणि २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने प्राधिकरणाची बाजू उचलून धरली. त्यावर अपील झाले. ग्राहक म्हणून मला तो निकाल पटतो. जे ऐच्छिक आहे ते न विचारता बिलात घालणे चूकच आहे, त्यातून त्यावर जीएसटीही आकारला जातो, आणि जमा झालेले शुल्क वाढणाऱ्यापर्यंत किती पोहोचते हे ग्राहकाला कळायला मार्ग नसतो. ब्रिटनने या शेवटच्या मुद्द्यासाठी वेगळा कायदाच केला, जो १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू आहे; टिपा आणि सेवाशुल्क कामगारांना पूर्णपणे दिलेच पाहिजेत, त्यांतून मालकाने काही कापून घ्यायचे नाही. असा कायदा आपल्याकडे यावा असे मला फार वाटते. मात्र निकालानंतर एक वेगळेच दृश्य दिसू लागले आहे. लोक बिलातले सेवाशुल्क मोठ्या आवाजात काढून घेतात, तो त्यांचा हक्कच आहे, आणि मग त्या वाचलेल्या रकमेतला एक रुपयाही मागे न ठेवता उठून जातात. वाद मालकाशी होता. त्याची झळ पुन्हा त्याच मुलाला लागली.

यूपीआयने आणखी एक अडचण उभी केली आहे. पूर्वी नोट दिली की सुट्टे परत येत आणि त्यातले काही सहज मागे राहत. आता मेजावरचा क्यूआर कोड स्कॅन केला की नेमकी बिलाची रक्कम मालकाच्या खात्यात जाते, आणि सुट्ट्यांचा प्रश्नच उरत नाही. टिपा यामुळे खूपच घटल्या, असे तो मुलगा म्हणाला. काही जण बिलातच टीप मिळवून एकत्र पैसे भरतात. त्यातले किती डब्यात पडतात हे गल्ल्यावरच्या माणसाच्या सचोटीवर अवलंबून असते. वाढणाऱ्याचा स्वतःचा क्यूआर कोड मागावा तर अनेक ठिकाणी त्याला तो दाखवण्याची परवानगी नसते. म्हणून मी पर्समध्ये पन्नास आणि शंभराच्या नोटा वेगळ्या ठेवते. त्या बिलाच्या पाकिटात न ठेवता ज्याने वाढले त्याच्या हातात देते, त्याच्या चेहऱ्याकडे पाहून, आणि छातीवरच्या पट्टीवरचे नाव वाचून त्या नावाने हाक मारून. हात पुढे करताना त्याला संकोच वाटू नये याची काळजी देणाऱ्यानेच घ्यायची असते.

रकमेबद्दल विचाराल तर माझे प्रमाण बिलाच्या साधारण आठ-दहा टक्क्यांचे आहे, आणि छोट्या बिलाला त्याहून जास्त. साध्या भोजनालयात थाळी खाल्ली आणि बिल दोनशेच्या आत झाले, तर टक्केवारीने दिलेले पंधरा रुपये देऊन न दिल्यासारखे होतात. तिथे वाढणाऱ्याचे कष्ट महागड्या जागेपेक्षा कमी नसतात, उलट पोळ्या गरम आणून देण्यासाठी त्याच्या खेपा जास्तच होतात. महाग जागी भरघोस आणि स्वस्त जागी काहीच नाही, ही आपली चाल मला उफराटी वाटते. मोठ्या जागेत टीप देताना आपण पुष्कळदा शेजारच्या टेबलाला देत असतो.

ज्या ठिकाणी मालक आणि वाढपी एकच आहेत तिथे काय, असा प्रश्न मला एकाने विचारला होता. त्याचे उत्तर शोधताना मला इंडियन कॉफी हाउस आठवले. कॉफी बोर्डाने १९५० च्या दशकात आपली कॉफी हाउसे बंद करायला घेतली तेव्हा नोकरीवरून काढलेल्या कामगारांनी कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने सहकारी संस्था काढल्या आणि १९५७ पासून ती कॉफी हाउसे स्वतः चालवायला घेतली. मध्य प्रदेशातला कारभार जबलपूरच्या संस्थेकडे आहे. पांढरा गणवेश, डोक्याला पंख्यासारखा तुरा असलेला फेटा आणि चालण्यात एक संथ, निश्चिंत रुबाब असलेले तिथले वाढपी मला लहानपणापासून आवडत आले आहेत. तिथे नफा कामगारांच्या संस्थेचा असतो, भाव माफक असतात, आणि टीप ठेवली नाही म्हणून कोणाची मुद्रा बदललेली मी पाहिली नाही. ठेवली तर मान किंचित लववून ती घेतली जाते. तिथे मी टीप देते ती निव्वळ आनंदाने, कारण तिच्यावर कोणाचे पोट अवलंबून आहे हा विचार तिथे मनाला टोचत नाही. सगळीकडचीच टीप अशी हलकी व्हावी, हे मला हवे आहे. ती अशी होण्यासाठी पगार पुरेसा हवा, आणि तो मिळेपर्यंत मी माझ्या नोटा वेगळ्या काढतच राहणार.

परिचारिकेला, बस कंडक्टरला आपण टीप देत नाही, मग वेटरलाच का, हा आक्षेपही ऐकू येतो. त्याला मजपाशी पूर्ण उत्तर नाही. रीत जिथे पडली तिथे ती पडली आहे. ती सर्वांना सारखी लागू नाही हे खरे. पण दुसऱ्याला मिळत नाही म्हणून याचेही थांबवावे, यात मला न्याय दिसत नाही. अलीकडे टॅक्सीच्या एका ॲपने गाडी येण्याआधीच टीप कबूल करायला सांगण्याची सोय काढली होती आणि त्यावर केंद्रीय प्राधिकरणाने २०२५ मध्ये नोटीसही बजावली. ते मात्र योग्यच झाले. गाडी लवकर मिळावी म्हणून आधी बोली लावणे याला लिलाव म्हणावे; टीप देणे यात काहीतरी मिळवण्याची अट नसावी.

भिशीत मी हे सारे एकदा बोलले. लगेच सगळ्यांना पटले असे नाही. सवय लागते म्हणणारी मैत्रीण अजूनही तेच म्हणते, आणि तिच्याशी माझा वाद चालूच आहे. मी तिला विचारते, “आपल्या भांडीवाल्या बाईंना दिवाळीच्या पोस्तेची सवय लागली, त्यात बिघडलं काय?” ती म्हणते, “बाई घरच्यासारख्या आहेत गं, हा कोण आपला?” हाच खरा मतभेद आहे आणि तो तिने माझ्याहून स्वच्छ मांडला. तरीही सर्वांच्या संमतीने एवढे झाले की, भिशीचे पैसे जमा करतानाच प्रत्येकीकडून पन्नास रुपये वेगळे घ्यायचे आणि ते बिल येण्याआधी, जेवण कसे झाले यावर काहीही न ठरवता, टेबल सांभाळणाऱ्याकडे सोपवायचे. त्यांच्याकडे डबा आहे की नाही तेही विचारून घ्यायचे. पाण्याची, मिठाची तक्रार असेल तर ती व्यवस्थापकाकडे करायची, आणि ते काम सध्या त्याच मैत्रिणीने आपणहून अंगावर घेतले आहे. बिलात सेवाशुल्क आलेच तर ते काढून घ्यायचे की त्याच्या वर हे पन्नास रुपये द्यायचे, यावर पुढच्या महिन्यात बोलायचे ठरले आहे.